टाकी बांधली म्हणजे बॅकअप झाला असं नाही

थंडीची मोठी लाट आली की अमेरिकेत एक वाद ठरल्यासारखा पेटतो. गॅसवर चालणारी वीज केंद्रं ऐन वेळी गपगार पडतात, मग कुणीतरी विचारतं की प्रत्येक प्लांटला दुसरं इंधन, म्हणजे बहुतेक वेळा डिझेल, जोडून का ठेवत नाही, आणि लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो आम्ही कधीचे तयार आहोत हो, पण ती पर्यावरणाची परवानगी, तिच्यातच सगळा वेळ जातो. दुसरा तट म्हणतो बॅकअप वगैरे काही नाही, तुम्हाला मागच्या दाराने डिझेल जाळायचंय. भांडण जोरात चालतं पण दोघांनीही मनातल्या मनात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की बॅकअप इंधन म्हणजे गाडीची स्टेपनी, डिकीत टाकली की काम झालं. स्टेपनीत हवा आहे का हे कोण बघतं? माझं सगळं म्हणणं त्या हवेबद्दल आहे.

आधीच सांगून टाकतो. गॅस केंद्रांना दुसरं इंधन असावं, निदान जिथे थंडीत घरं गरम ठेवायला आणि वीज बनवायला एकाच पाइपलाइनवरून ओढाताण होते तिथे तरी असावंच. त्यासाठी पर्यावरण परवानगी गुंडाळून ठेवायची अजिबात गरज नाही, उलट ती परवानगी जे प्रश्न विचारते त्यातले निम्मे प्रश्न "हे यंत्र त्या रात्री चालेल का" याच्याशीच जोडलेले असतात. पण त्या परवानगीत दुसऱ्या इंधनावर चालायच्या तासांचा हिशोब ज्या पद्धतीने होतो तो मात्र चुकीचा आहे, आणि तो बदलला नाही तर आपण फक्त भरलेल्या टाक्या बांधत राहू, चालणारे प्लांट नाही.

फेब्रुवारी २०२१ च्या थंडीच्या लाटेतलं टेक्सास घ्या, कारण सगळे तेच उदाहरण देतात आणि अर्धवट देतात. ग्रिड कोसळायला ४ मिनिटं ३७ सेकंद उरली होती, ऑपरेटरांनी २०,००० मेगावॅटपर्यंत लोड कापला, म्हणजे तेवढ्या मागणीची वीज बंद केली, कपात ७० तासांच्या वर चालली, आणि राज्याच्या अधिकृत मोजणीनुसार २४६ माणसं गेली. नंतर केंद्रीय नियामकांचा जो अहवाल आला त्यात टेक्सास आणि आसपासच्या राज्यांतल्या १,०४५ युनिटांच्या बिघाडांची नोंद आहे, त्यातली ५८ टक्के गॅसची. यातला सगळ्यात चीड आणणारा भाग असा की गॅस काढणाऱ्या विहिरी, प्रोसेसिंग प्लांट, कॉम्प्रेसर हे स्वतःच विजेवर चालतात, आणि त्यातल्या कित्येकांची नोंद अत्यावश्यक ग्राहक म्हणून केलेलीच नव्हती. म्हणजे वीज वाचवायला ज्यांची लाइन कापली त्यांच्याकडूनच वीज बनवायचा गॅस येत होता. बसलेल्या फांदीवर कुऱ्हाड म्हणतात ती हीच. कोळशाच्या प्लांटच्या आवारात ढीग असतो, तेलाच्या प्लांटला टाकी असते. गॅस प्लांटच्या आवारात काय असतं? एक पाइप, आणि पाइपच्या पलीकडच्या टोकाला सगळं ठीक असेल असा विश्वास.

पण इथेच एक गोष्ट कबूल करायला हवी जी बॅकअपवाले सहसा सांगत नाहीत. त्याच अहवालात बिघाडांचं सगळ्यात मोठं कारण इंधन नव्हतंच, गोठणं होतं. साधारण ४४ टक्के बिघाड यंत्रं गोठल्याने झाले आणि ३१ टक्के इंधनाच्या अडचणीने. सेन्सरच्या नळ्या गोठल्या असतील तर टाकीत अमृत भरलंत तरी टर्बाइन चालणार नाही. म्हणजे दुसरं इंधन हा एक तृतीयांश दुखण्यावरचा उपाय आहे, पूर्ण नाही. तेवढ्यासाठी तरी करावा का? मला वाटतं करावा, कारण पुढच्याच मोठ्या लाटेत, डिसेंबर २०२२ मध्ये, पूर्वेकडच्या ग्रिडवर एका वेळी ९०,००० मेगावॅटहून जास्त क्षमता हाताशी नव्हती, आणि टेनेसी व्हॅलीतल्या सरकारी वीज कंपनीला तिच्या जवळजवळ ९० वर्षांच्या इतिहासात पहिल्यांदा आळीपाळीने वीज कापावी लागली. एवढ्या मोठ्या खड्ड्याचा थोडा भाग जरी भरून निघत असेल तर तो कोण सोडेल?

आता विरोधकांचं म्हणणं, आणि ते हलकं नाही. डिझेल गॅसपेक्षा घाण आहे, यात वाद नाही. तेवढ्याच उष्णतेला कार्बन डायऑक्साइड साधारण ३५ ते ४० टक्के जास्त. नायट्रोजनच्या ऑक्साइडचं, म्हणजे नॉक्सचं, म्हणाल तर आधुनिक टर्बाइन गॅसवर ९ ते २५ पीपीएममध्ये (दहा लाखांत इतके भाग) राहतं, तेलावर, म्हणजे डिझेलवर, ज्वाळेत पाणी फवारूनसुद्धा ४२ च्या आसपास. आणि हे प्लांट बऱ्याचदा अशा वस्त्यांना चिकटून असतात जिथल्या लोकांनी आधीच पुरेसा धूर गिळलेला असतो. त्यात टाकी म्हणजे टाकी, ती फुटते. २९ मे २०२० ला सायबेरियात नॉरिल्स्कला जी टाकी फुटली आणि वीस हजार टनांवर डिझेल जमिनीत आणि नदीत गेलं, ती कसली टाकी होती माहितीय? एका वीज केंद्राची बॅकअप इंधनाची टाकी. खालचे आधाराचे खांब खचले. कंपनीला जवळपास १४६ अब्ज रूबल भरावे लागले, आणि नदी लाल झालेली फोटोत सगळ्या जगाने पाहिली. बॅकअपचा आग्रह धरणाऱ्या माणसाने हे उदाहरण स्वतःहून टेबलावर ठेवलं पाहिजे, समोरच्याने काढायची वाट बघू नये.

पण मग प्रश्न असा की धूर मोजायचा तो कशाच्या तुलनेत? विरोधक तुलना करतात डिझेलवर चालणाऱ्या प्लांटची गॅसवर चालणाऱ्या प्लांटशी. पण त्या रात्री गॅस नाहीच आहे ना. त्या रात्रीची खरी तुलना आहे बंद पडलेल्या प्लांटशी, आणि प्लांट बंद पडला की लोक गप्प अंधारात बसत नाहीत. दवाखाने, टॉवर, डेटा सेंटर आपापले जनरेटर सुरू करतात, ज्यांची धुरांडी छतावर किंवा खिडकीच्या उंचीवर असतात आणि ज्यांच्यातल्या बहुतेकांना धूर स्वच्छ करणारं कसलंही कॅटॅलिस्ट नसतं. घराघरात लोक मिळेल ते पेटवतात, टेक्सासमध्ये बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून ऊब घेणारे लोक कार्बन मोनॉक्साइडने गेले. एका उंच चिमणीतून, पाणी फवारून, मोजमाप चालू ठेवून वर्षातले काही तास जाळलेलं डिझेल की हजार ठिकाणी न मोजता जाळलेलं? हवेची काळजी खरी असेल तर उत्तर अवघड नाही.

बॅटरीचं काय, असं कुणीतरी विचारणारच. बॅटरी हव्यातच. पण आज ग्रिडवर ज्या लागतात त्या बहुतेक दोन ते चार तासांच्या, आणि टेक्सासची कपात ७० तासांची. पुढे बदलेल. सध्या नाही.

आता दुसरा तट, परवानगीला शिव्या देणारा. यांचंही थोडं खरं आहे. अमेरिकेच्या हवा कायद्यात मोठ्या बदलासाठी अर्ज केला की, अर्ज "पूर्ण" धरल्यापासून एका वर्षात निर्णय द्यायचा असतो, आणि अर्ज पूर्ण झालाय की नाही यावरच महिने जातात. २०१० मध्ये नायट्रोजन डायऑक्साइडची एका तासाची मर्यादा १०० पीपीबी (अब्जात शंभर भाग) ठरली, तेव्हापासून वर्षाच्या सरासरीत लपणारे थोडा वेळ चालणारे स्रोत धूर कसा पसरेल याच्या मॉडेलमध्ये उघडे पडायला लागले. आणि एक गंमत बघा, जे जुने प्लांट ६ जानेवारी १९७५ च्या आधीपासून दुसरं इंधन जाळू शकत होते त्यांनी इंधन बदललं तर तो सहसा "बदल" मानलाच जात नाही, आणि नवा, कितीतरी स्वच्छ प्लांट टाकी जोडायला गेला की त्याला पूर्ण रांग. हे उफराटं आहे हे मला मान्य. (यातून शहाण्या माणसाने काढायचा अर्थ एवढाच की दुसरं इंधन प्लांट बांधतानाच्या मूळ परवानगीत लिहून घ्यावं, नंतर जोडायला जाऊ नये. पण तेव्हा कुणाला चार पैसे जास्त घालायचे नसतात.)

तरीपण "परवानगीमुळे दिवे गेले" हे धादांत खोटं आहे. १४ फेब्रुवारी २०२१ ला, कपात सुरू व्हायच्या आधीच, टेक्सासच्या ग्रिडने केंद्राच्या ऊर्जा खात्याकडे उत्सर्जनाच्या मर्यादा ओलांडायची मुभा मागितली आणि ती त्याच दिवशी मिळाली. १९३५ च्या फेडरल पॉवर ॲक्टमध्ये त्याची सोय आहे, कलम २०२(सी). म्हणजे कागद आला होता. ज्यांच्याकडे टाकीच नव्हती त्यांनी तो कागद जाळायचा होता का?

आणि परवानगी काय विचारते ते तरी बघा. साधं गणित करू. १०० मेगावॅटचं साधं गॅस टर्बाइन तेलावर पूर्ण लोडला चालवलं तर तासाला साधारण २८,००० लिटर डिझेल पितं. म्हणजे दर तासाला जवळजवळ एक टँकर. तीन दिवस चालवायचं तर वीस लाख लिटर, आणि ते बर्फाने रस्ते बंद असताना टँकरने येणार नाही, आधीच आवारात हवं. नॉक्स दाबायला जे पाणी फवारतात ते वजनाने जवळपास तेलाइतकंच लागतं, तेही साधं नाही, क्षार काढलेलं, म्हणजे तेलाच्या टाकीशेजारी तशीच पाण्याची टाकी आणि ती गोठू नये याची सोय. आता "नुसती एक टाकी तर जोडायचीय" म्हणणाऱ्याला विचारा की पाण्याचा हिशोब केलास का. हवेच्या परवानगीचा अर्ज भरताना हा हिशोब करावाच लागतो, कारण पाणी नाही तर ४२ पीपीएम नाही. अर्ज भरताना निघालेली चूक कागदावर दुरुस्त होते, नाहीतर ती पहाटे तीनला उणे पंधरा डिग्रीत निघते.

परवानगी टाळली की काय होतं त्याचाही इतिहास आहे. २ जानेवारी १९८८, पेनसिल्व्हेनियातलं फ्लोरेफ. चाळीस वर्षं जुनी टाकी दुसरीकडून सोडवून आणून पुन्हा जोडलेली, पूर्ण पाणी भरून घ्यायची चाचणी घेतलेली नाही, बांधकामाची रीतसर परवानगीही नाही. पहिल्यांदाच काठोकाठ भरत असताना ती उभी फाटली. जवळपास ३८ लाख गॅलन डिझेल बाहेर आलं, त्यातलं साडेसात लाखांच्या आसपास मोनोंगाहेला नदीत, आणि खालच्या तीन राज्यांतल्या सुमारे दहा लाख लोकांच्या पिण्याच्या पाण्याचा प्रश्न झाला. टाकीभोवतीचा बांध टाकीतलं सगळं तेल धरेल एवढा हवा, फाटक्या टाकीची लाट त्यावरून उडी मारेल का, पावसाचं पाणी बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह कोण बंद ठेवतं, हे आज जे खोदून खोदून विचारतात ते कुणाच्या लहरीमुळे नाही.

मग माझी तक्रार कशाबद्दल आहे? तासांबद्दल. परवानगीत एखादं युनिट किती धूर सोडू शकतं हे मोजताना ते वर्षाचे ८,७६० तास चाललं असं धरतात, जोवर तुम्ही स्वतःवर कायद्याने बांधणारी मर्यादा घालून घेत नाही. वरचंच युनिट घ्या. ४२ पीपीएमला ते तेलावर तासाला ढोबळ १६० पाउंड नॉक्स सोडेल. ८,७६० तासांचे झाले ७०० टन (अमेरिकी टन, २,००० पाउंडांचा). मोठ्या बदलाची रेषा आहे वर्षाला ४० टन, म्हणजे कॅटॅलिस्ट न लावता रेषेच्या आत राहायचं तर तुम्हाला मिळतात पाचशेच्या आतले तास. म्हणून इतक्या परवानग्यांत पाचशेच्या आसपासचा आकडा दिसतो, तो आकाशातून पडलेला नाही, बऱ्याचदा असा भागाकार करून येतो. यात वाईट काही नाही. वाईट हे की कित्येक परवानग्यांत तेलावर घेतलेली चाचणीसुद्धा याच तासांतून वजा होते. आता मॅनेजरच्या खुर्चीत बसून विचार करा. प्रत्येक चाचणीला महागडं डिझेल जळणार, तास खर्च होणार, मशीन ट्रिप झालं, म्हणजे आपोआप बंद पडलं, तर वर बोलणी. तो काय करेल? चाचणी पुढे ढकलेल. आणि एकदा ढकललेली चाचणी आणखी एकदा ढकलायला काही लागत नाही.

मी अशी एक चाचणी जवळून पाहिलीय. प्लांट कुठला ते राहू द्या. वर्ष उलटून गेलं होतं मागच्या वेळेपासून. गॅसवर निम्म्या लोडला मशीन शांत चाललेलं, ऑपरेटरने तेलाचा पंप सुरू केला, प्रेशर चढलं, गॅस थोडा थोडा कमी, तेल थोडं थोडं जास्त, सगळे स्क्रीनकडे बघतायत. टर्बाइनच्या मागे एक्झॉस्टचं तापमान मोजणारे थर्मोकपल गोलाकार बसवलेले असतात, त्यातल्या एका बाजूचे दोन-तीन आकडे हळूहळू बाकीच्यांपासून खाली सरकायला लागले. कुणीतरी म्हणालं, स्प्रेड (म्हणजे त्या आकड्यांतला फरक) वाढतोय. एवढं बोलून होईपर्यंत मशीन ट्रिप. नंतर त्या बाजूच्या एका बर्नरचा तेलाचा चेक व्हॉल्व्ह (तेल उलटं जाऊ न देणारी झडप) उघडला तर आत काळा कडक थर, नखाने निघेना. मागच्या वेळचं उरलेलं तेल गरम केसिंगला चिकटून वर्षभर भाजत बसलं होतं, त्याचा कोक झाला होता. तळहातावर मावणारी वस्तू. बाहेर टाकी मात्र भरलेली, तिची परवानगी फ्रेममध्ये, सगळं कसं नियमात.

आणि कोक हा एकच रोग नाही. डिझेल थंडीत मेण धरतं, म्हणजे ज्या रात्रीसाठी ठेवलंय त्याच रात्री फिल्टर चोंदणार, हिवाळी तेल किंवा केरोसीनचं मिश्रण ठेवायला हवं. टाकीच्या तळाशी पाणी साचलं की तेल-पाण्याच्या सीमेवर जंतू वाढतात, गाळ होतो. मागे अमोनियावालं कॅटॅलिस्ट असेल तर तेलातल्या गंधकाची अमोनियाशी गाठ पडून चिकट मीठ तयार होतं आणि बॉयलरच्या थंड नळ्यांवर बसतं, म्हणून १५ पीपीएम गंधकवालं डिझेल लागतं, आणि ते हवेलाही बरं. यातलं काहीही टाकीकडे बघून कळत नाही, चालवूनच कळतं.

म्हणून चाचणीचे तास वेगळे मोजावेत. वर्षाला ठरावीक, थोडे, पण वेगळे, आणि न वापरल्यास दंड असावा. हवा स्वच्छ असलेल्या, ओझोन-प्रदूषणाचा इशारा नसलेल्या दिवशी, आधी कळवून, धुराची मोजणी चालू ठेवून. शेजारच्या वस्तीला तारीख कळली पाहिजे. "मग हळूहळू सगळंच चाचणी म्हणून दाखवतील" ही भीती मला मान्य आहे, कारण असं झालेलं आहे. २०१३ मध्ये पर्यावरण खात्याने इमर्जन्सी जनरेटरना ग्रिडच्या मदतीसाठी वर्षाला १०० तास चालायची मुभा दिली, आणि इमर्जन्सीच्या नावाखाली ती क्षमता चक्क बाजारात विकण्याचा धंदा उभा राहायला लागला, शेवटी मे २०१५ मध्ये कोर्टाने ती मुभा रद्द केली. बरोबरच केलं. म्हणून तर तास एकाच पोत्यात भरू नका म्हणतोय. चाचणीचे वेगळे, ग्रिडने रीतसर आणीबाणी जाहीर केल्यावरचे वेगळे, आणि गॅस महाग झाला म्हणून तेल परवडतंय असे वेगळे.

हा तिसरा प्रकार सगळ्यात घातक, आणि त्यावर कुणी बोलत नाही. २०१७ च्या अखेरीपासून जानेवारी २०१८ पर्यंत अमेरिकेच्या ईशान्येला, न्यू इंग्लंडमध्ये, दोन आठवडे कडाका पडला, गॅसचे भाव आभाळाला भिडले, तेल स्वस्त ठरलं, आणि तिथल्या प्लांटनी त्या दोन आठवड्यांत सुमारे वीस लाख बॅरल तेल जाळलं, २०१६ च्या अख्ख्या वर्षाच्या दुपटीहून जास्त. टाक्या रिकाम्या होत गेल्या आणि काही युनिटं उत्सर्जनाच्या मर्यादेजवळ पोचली. लाट आणखी आठवडाभर टिकली असती तर? भाव वाचवायला जाळलेलं तेल आणि दिवे वाचवायला जाळलेलं तेल एकाच खात्यातून जात असेल तर भाव आधी येतो, कारण तो रोज येतो. न्यूयॉर्क शहरात याउलट एक जुना नियम आहे, मागणी ठरावीक पातळीच्या वर गेली की काही युनिटांनी थोडंफार तेल आधीपासूनच जाळत राहायचं, म्हणजे गॅस अचानक गेला तर सगळं एकदम कोसळू नये. दिसायला उधळपट्टी. पण तिथे तेलाची लाइन गरम असते.

इंधनाबद्दल ठाम भाकितं करणाऱ्यांसाठी एक जुनी आठवण. १९७६-७७ च्या हिवाळ्यात गॅस कमी पडला, शाळा आणि कारखाने बंद ठेवावे लागले, आणि १९७८ मध्ये अमेरिकेने कायदाच केला की नव्या वीज केंद्रांनी गॅस किंवा तेल मुख्य इंधन म्हणून वापरायचं नाही, कोळसा घ्या. १९८७ मध्ये तो रद्द झाला. आज तोच देश सगळ्यात जास्त वीज गॅसवर बनवतो. म्हणजे दहा वर्षांत शहाणपणाने कूस बदलली. ज्यांनी तेव्हा एकाच इंधनावर पैज लावली त्यांचं हसं झालं, तर आज एकाच पाइपवर पैज लावणाऱ्यांना वेगळा न्याय का?

राहता राहिला पैसा. टाकीतलं वीस लाख लिटर तेल म्हणजे पडून राहिलेलं भांडवल, वर चाचण्या, गाळणं, पाणी, माणसं. बाजार रोजच्या विजेचे पैसे देतो, न आलेल्या रात्रीचे देत नाही. आयर्लंडच्या नियामकाने २००९ मध्ये सरळ सक्ती केली, गॅस केंद्र किती चालतं त्यानुसार तीन किंवा पाच दिवसांचं दुसरं इंधन ठेवायचंच. टेक्सासने २०२२ पासून वेगळी वाट धरली, आवारात इंधन ठेवणाऱ्याला ग्रिड हिवाळ्यापुरते पैसे देतं. मला दोन्ही चालतील. फक्त पैसे टाकीतल्या पातळीचा काटा बघून देऊ नयेत, मागच्या नोव्हेंबरात मशीन तेलावर सलग किती तास चाललं त्याची नोंद बघून द्यावेत, आणि तीच नोंद हवेच्या परवानगीवाल्यांकडेही जावी. दोन खात्यांनी एकच वही वाचली तर त्या चेक व्हॉल्व्हची गोष्ट निदान ट्रिप व्हायच्या आधी कुणाच्या तरी लक्षात येईल.